ब्रेकची फेरपरीक्षा

वायरमनकाकांच्या पायाचा अंगठा मोटरसायकलच्या ब्रेकला बांधलेला होता. गाठ त्यांनी स्वतःच मारली होती, त्यामुळे शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना वायरमनकाकाच म्हणायची. मोटरसायकल त्यांच्या लेकीहून मोठी. गेल्या आठवड्यात तिचा पुढचा ब्रेक भर चौकात असा धरून बसला की चाक फिरेना. चार माणसांनी गाडी उचलून कडेला ठेवली. पाचवं माणूस कंबरेवर हात ठेवून बघत उभं होतं. ती त्यांची लेक.

"बाबा, आता बास. रविवारी पाच वाजता भंगारवाला येईल."

"अगं, दुरुस्त होतो तो ब्रेक."

"मग चार वाजता माझ्या सासूबाई येऊन बघतील. त्यांनी चालतो म्हटलं तर गाडी राहील. तुमच्यावर माझा विश्वास नाही, आणि तुमचे जावई तुमचं तोंड बघूनच विरघळतात."

सासूबाई म्हणजे काकांच्या विहीणबाई. तीस वर्षं मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा पोटच्या पोराला अर्ध्या मार्कासाठी नापास केलं होतं. तोच पोरगा आज काकांचा जावई.

काम तसं सरळ होतं. चाकाच्या तबकडीला चिमटीत धरतो तो कॅलिपर. त्याच्या आत लहान वाट्यांसारखे दोन पिस्टन. कॅलिपर चाकावरून सोडवायचा, तेलाची नळी तशीच ठेवायची आणि ब्रेकची लिव्हर दाबत राहायचं. तेलाच्या जोराने पिस्टन बाहेर येतात. पण इथे एक पिस्टन लगेच धावत सुटला आणि दुसरा गंज धरून आतच बसला. पहिला निसटून पडला की तेल सांडणार, जोर संपणार आणि दुसरा कायमचा आत राहणार. म्हणून पहिल्याला लाकडाची पट्टी लावून शिकंज्यात धरायचं आणि मग लिव्हर दाबायची.

शिकंज्याचे आटे झिजलेले. तो दोन्ही हातांनी आवळून धरावा लागत होता. म्हणजे लिव्हरला तिसरा हात हवा.

तीस वर्षं तो तिसरा हात काकूंचा होता. काका खाली बसून म्हणायचे, "दाब." काकू गाडीवर आडव्या बसून एका हाताने दाबायच्या आणि म्हणायच्या, "दाबलं." मांडीवरच्या मटाराच्या शेंगांचं काम दुसऱ्या हाताने चालूच. काकू जाऊन दोन वर्षं झाली. गाडी उंबरठ्याच्या आत आणायची नाही, हा त्यांचा एकच नियम. बाहेर ऊन फार होतं, म्हणून काकांनी पुढचं चाक हॉलमध्ये आणि मागचं व्हरांड्यात ठेवून नियम निम्मा पाळला होता.

तर लिव्हरला दोरी, दोरी मुठीवरून फिरवून खाली आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. पाय ताणला की लिव्हर दाबली जाते. पहिल्यांदा छान दाबली गेली. काकांनी स्वतःलाच शाबासकी दिली. तिसऱ्यांदा गाठ आवळली. सहाव्यांदा अंगठा जांभळा झाला. गाठ सोडायला हात हवेत, हात शिकंज्यावर, आणि शिकंजा सोडला तर पिस्टन गेला. माणूस आपल्याच घरात आपल्याच हाताने जप्त झाला होता.

तेवढ्यात अडीच वाजता दारातून आवाज आला.

"व्याही! दारात गाडी आडवी घातलीत. येऊ कुठून?"

"विहीणबाई? चार वाजता येणार होतात ना?"

"परीक्षक वेळेआधीच येतात. येऊ कुठून?"

"मागच्या दाराने या. स्वयंपाकघरात जरा जपून."

विहीणबाई आल्या त्या हातात चहाची गाळणी घेऊन. "यात नटबोल्ट आहेत."

"हो, पेट्रोलने धुतलेत."

"म्हणजे चहा नको." मग त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं, दोरीवरून अंगठ्याकडे गेलं आणि तिथेच थांबलं. "सकाळी फोनवर तर म्हणालात, झालंच आहे."

"नव्व्याण्णव टक्के झालंय."

"आणि उरलेला एक टक्का पायाला बांधून ठेवलाय."

त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि दोरी कापली. काकांचा जीव अंगठ्यातून परत वर आला.

"आता हात सोडा."

"हात सोडला तर सगळंच गेलं. विहीणबाई, तेवढी ती लिव्हर..."

"मी परीक्षक आहे."

"माहितेय हो."

"परीक्षकाने पेपर लिहायचा नसतो."

"लिहायचं काही नाही. नुसतं दाबायचं."

पर्स ठेवायला म्हणून विहीणबाई सीटकडे वळल्या आणि सीटच्या कव्हरवरून बोट फिरवू लागल्या. "हे घरी शिवलंय?"

"हो. आमच्या हिने."

"जाड कापडावर इतकी सरळ टीप घालणं सोपं नाही," विहीणबाई म्हणाल्या. पर्स त्यांनी सीटवर न ठेवता टेबलावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि लिव्हर धरली. "सांगा."

"दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा. सोडा."

चार-पाच वेळा झाल्यावर त्यांना लय सापडली. सहाव्या वेळी त्या आपणहून मोठ्याने म्हणाल्या, "दाबलं!"

काका पुढचा शब्दच विसरले.

"व्याही, मी धरून उभी आहे! पुढचं बोला!"

"सोडा, सोडा." काकांचे दोन्ही हात अडकलेले होते. डोळे खांद्याला पुसावे लागले.

पुढच्या दाबाला कॅलिपरमधून बारीक करकर झाली.

"हलला!"

"कोण?"

"अडकलेला! आता हळू."

पण तीस वर्षांत विहीणबाईंसमोर अडलेलं पोर असं पहिल्यांदाच हललं होतं. त्या सपासप दाबत सुटल्या.

"हळू, विहीणबाई! अहो, सोडा!"

"आता कसलं सोडा! येतोय तो!"

फट्! शिकंजा निसटला, एक पिस्टन काकांच्या मांडीवर पडला, दुसरा घरंगळत सोफ्याखाली गेला, आणि तेलाची चिळकांडी थेट विहीणबाईंच्या चष्म्यावर. काका ओरडणार, तोवर विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि त्या गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली अर्ध्या दिसेनाशा झाल्या.

"मिळाला!" बाहेर आल्या तेव्हा केसात कोळिष्टक होतं आणि चेहरा पहिली सायकल मिळालेल्या मुलीचा. "व्याही, निघतो म्हणजे निघतो!"

दोघंही फरशीवर बसून हसले. मग घड्याळाकडे बघून काकांचं हसू आटलं. पावणेचार. नव्या रबरी कड्या आणायच्या, सगळं घासायचं, जोडायचं. आज होण्यातलं नव्हतं. बरोबर चारला लेकीचा फोन आला. विहीणबाईंनी उचलला.

"आई, चालतो का ब्रेक?"

विहीणबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. "नाही. चालत नाही."

काकांनी मान खाली घातली. मांडीवरचा पिस्टन उगीचच पुसत बसले.

"मग भंगारवाल्याला पाठवते."

"थांब. परीक्षा रद्द झाली आहे."

"म्हणजे?"

"परीक्षकाने विद्यार्थ्याला मदत केली. गैरप्रकार."

"कुठल्या परीक्षकाने?"

"मी. पुढच्या रविवारी फेरपरीक्षा. भंगारवाल्याला नको म्हणून कळव. नियम म्हणजे नियम."

फोन ठेवून त्यांनी सोफ्याखालचा पिस्टन रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

"अहो, तो लागेल ना मला!"

"पेपर सीलबंद राहायला हवा. मी आल्याशिवाय तुम्ही एकट्याने काही करायचं नाही. अंगठा तर मुळीच बांधायचा नाही."

मागच्या दाराशी पोचून त्या थांबल्या. "मागच्या ब्रेकलाही असेच पिस्टन असतात का?"

"नाही हो. तो वेगळा असतो."

विहीणबाईंचा चेहरा पडला. काकांनी घाईघाईने सांगून टाकलं, "पण तोही खराब आहे!"

"किती खराब?"

काकांनी गाडीकडे नीट बघून हिशोब केला. "आठ-दहा रविवार तरी जातील."