उशीचं ओझं

वर्तमानपत्र वाचता वाचता ‘हं, हं’ म्हणणं ही समस्त नवरेमंडळींची फार जुनी सोय आहे. माझं मात्र त्या सोयीनेच वाटोळं केलं.

त्या रविवारी सकाळी मी आठव्या पानावर होतो आणि आमची ही समोर बसून काहीतरी बोलत होती. बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला न्यायचा विषय आदल्या दिवसापासून चालू होता. त्यामुळे "मग यंदा जाऊ या ना आपण?" एवढं शेपूट कानावर आलं, तेव्हा मी मिक्सर डोळ्यांसमोर आणून म्हणालो, "जाऊ की! त्यात काय एवढं?"

मी पेपर खाली केला. हिच्या डोळ्यांत पाणी होतं.

(मिक्सरसाठी कोणी रडत नाही, एवढं मला बावीस वर्षांच्या संसारात कळलं आहे.)

"खरंच म्हणताय?" ती म्हणाली. "मला वाटलं, दरवर्षीसारखं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विषय पर्वताचा होता.

ही शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर खडूने ती एक अख्खी पर्वतरांग काढते. कुठल्या शिखराची उंची किती, कुठल्या हिमनदीतून कुठली नदी निघते, सगळं तोंडपाठ. पण प्रत्यक्षात या बाईने बर्फ पाहिला आहे तो फक्त आमच्या फ्रीजमध्ये. लग्नानंतर दरवर्षी ती एकदा विचारायची आणि दरवर्षी मी टोलवायचो. आता ‘अगं, मी मिक्सरबद्दल बोलत होतो’ असं सांगायचं धाडस ज्याच्या अंगात असेल, त्यानेच मला नावं ठेवावीत.

"टीहाऊस ट्रेक आहे," ती भराभर सांगू लागली. "तंबू नाही, काही नाही. रोज पाच-सहा तास चालायचं आणि वाटेतल्या छोट्या लॉजमध्ये मुक्काम. तिथे चहा, गरम जेवण, झोपायला खाट, सगळं मिळतं."

यातला ‘चहा’ आणि ‘खाट’ एवढेच दोन शब्द माझ्या मनात ठसले. हे दोन्ही प्रकार मला उत्तम जमतात.

"आणि मॉडरेट आहे म्हणे," ती म्हणाली.

हाही शब्द ओळखीचा निघाला. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. माझ्या गोपनीय अहवालात गेली अठरा वर्षं साहेब एकच शेरा मारतात, ‘काम मध्यम स्वरूपाचे’. म्हणजे माणूस जागेवर असतो, पण असल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. मी म्हटलं, ट्रेक तसा असेल तर काही हरकत नाही.

नियोजनाचं खातं मी आपणहून मागून घेतलं. लाल दोऱ्याची फाईल केली, यादी तीन प्रतींत काढली. एकशे चौदा वस्तू झाल्या. त्यात दोन नेलकटर होते (एक हरवला तर?) आणि एक स्टेपलर होता. हिने लाल पेन घेतलं आणि वह्या तपासाव्यात तशी यादी तपासली. एकतीस वस्तू पास झाल्या.

"स्टेपलर कशाला?"

"कागदं सुटी झाली तर?"

"डोंगरात कसली कागदं?"

मी यादीतून स्टेपलर खोडला. पण स्टेपलर नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच कुठेतरी निघालो आहोत.

मग ट्रेकवाल्या कंपनीचं पत्र आलं. प्रत्येकाने आपली बॅग आपण उचलायची, वजन दहा किलो. त्याआधी दोन महिने सराव करावा. आमच्या इमारतीला पाच मजले आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणजे सरावाची सोय घरातच. शिवाय समोरच्या दारात शिट्टीकाका राहतात. शाळेतून कवायतमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले.

"रोज सकाळी सहा वाजता," त्यांनी जाहीर केलं, "दहा वेळा वर, दहा वेळा खाली. ओझं कसं उचलायचं? गुडघ्यात वाकायचं, श्वास रोखायचा, आणि एक, दोन, तीन, एका झटक्यात वर! कुरकुरत उचलाल तर कंबर जाईल."

पहिल्या दिवशी मी बॅगेत दहा किलो तांदूळ भरून तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला आत नेऊन बसवलं आणि पाणी पाजलं. त्या दिवशी कार्यालयात एक गृहस्थ मुलाचा जन्मदाखला घ्यायला आले होते. माझी अवस्था बघून ते म्हणाले, "साहेब, मी उद्या येतो. तुम्ही आधी स्वतःचं बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते केलं, ज्याची आठवण आली की अजूनही जेवण घशाखाली उतरत नाही. तांदळाच्या पिशव्या बॅगेतून काढून डब्यात परत ठेवल्या आणि त्यांच्या जागी दोन उशा कोंबल्या. बॅग टम्म दिसू लागली. वजन जेमतेम दीड किलो. वाटलं, एक दिवस कंबरेला आराम देऊ, उद्यापासून परत तांदूळ.

पण झालं काय, की त्या दिवशी मी हरणासारखा धावलो. शिट्टीकाकांनी शिट्टी तोंडातून काढून ‘शाब्बास’ म्हटलं. आणि ही... हिने माझ्याकडे असं पाहिलं, की तसं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी पाहिलं नव्हतं. आता असल्या नजरेपुढे तांदूळ कोण परत भरणार?

सहा आठवडे हे असं चाललं. शाळेत हिने सगळ्या शिक्षकांना सांगितलं की माणसाने मनावर घेतलं तर पन्नाशीतही काय होऊ शकतं, ते आमच्याकडे येऊन बघा. दोघी-तिघी खरंच बघायला आल्या. मी जिन्यावर त्यांच्यासमोर धापा टाकण्याचा अभिनयही करायला शिकलो, कारण अजिबातच दम लागत नाही म्हटल्यावर संशय येतो.

एक मात्र झालं. गडबडीत मी उचललेल्या दोन उशांतली एक हिची होती. सहा आठवडे ही चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपली आणि रोज सकाळी मान चोळत उठली. "उशी म्हणजे काय सुई आहे का हो हरवायला?" ती विचारायची. आणि मी (देवा, मला काही लाज?) तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून ती शोधायचो. तिच्या मानेला मलम चोळायचो आणि मनात म्हणायचो, उद्या सांगू. चोळता चोळता उद्या उजाडायचा आणि मी पुन्हा बॅग पाठीला लावायचो.

निघायला बारा दिवस राहिले होते. त्या सकाळी माझा अभिनय जरा जास्तच रंगला. तिसऱ्या मजल्यावरच्या पायऱ्यांवर मी बॅग काढून ठेवली आणि छातीवर हात ठेवून बसलो. ही मागून आली, स्वतःचे खरेखुरे दहा किलो घेऊन. तिने माझा चेहरा पाहिला.

"किती लाल झालायत तुम्ही! रोज इतकी ओढाताण करता माझ्यासाठी." तिने आपली बॅग खाली ठेवली. "शेवटचे दोन मजले तुमची बॅग मी पोचवते. मग खाली येऊन माझी नेते."

"नको नको!" मी ओरडलो. "तू हात लावू नकोस!"

तिला वाटलं, मी तिची काळजी करतोय. तिच्या डोळ्यांत पुन्हा तेच, त्या रविवारचं पाणी आलं.

"असू दे हो," ती म्हणाली. गुडघ्यात वाकली. श्वास रोखला. खालून शिट्टीकाका मोजत होते, "एक, दोन, तीन!"

दहा किलोंच्या तयारीने लावलेल्या जोराला दीड किलो म्हणजे काहीच नाही. बॅग तिच्या डोक्यावरून उडाली आणि बॅगेमागे ही. पाच पायऱ्या. मी हात पुढे केला, तेव्हा माझ्या हातात फक्त बॅगेचा पट्टा आला. बॅगेची चेन फाटली होती आणि त्यातून फुलाफुलांच्या अभ्र्यातली तिची उशी बाहेर डोकावत होती.

शिट्टीकाकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच शिट्टी खिशात टाकली.

उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून केसपेपर लिहिता लिहिता विचारलं, "कशा पडलात?"

"ओझं उचलताना," ही म्हणाली.

"कसलं ओझं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहून म्हणाली, "उशी."

डॉक्टरांनी पेन थांबवलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि लिहिलं, ‘उशी’. माझ्या सबंध नोकरीत मी माणसांच्या मरणाच्या नाना कारणांची नोंद केली आहे. कारणाच्या रकान्यात उशी कधी आली नव्हती.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. भांडीकुंडी आपटली असती, माहेरी फोन लावला असता, तर माझं निम्मं पाप तरी फिटलं असतं. पण रिक्षात बसल्यावर तिने एकच विचारलं, "पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या," मी म्हणालो.

"कंबर दुखत होती तर सांगायचं ना," ती बाहेर बघत म्हणाली. "मी तुमचं अर्धं सामान माझ्या बॅगेत घेतलं असतं."

मी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं. रिक्षावाल्याने सुद्धा आरसा वळवून घेतला.

मी दोघांचं बुकिंग रद्द करायला फोन उचलला, तेव्हा हिने पलंगावरून हात पुढे करून तो काढून घेतला.

"माझं रद्द करा. तुमचं नाही. तुम्ही जायचं."

"तुझ्याशिवाय? मी काय करू तिथे?"

"बघायचं. मी बावीस वर्षं पोरांना सांगतेय की ते सगळं तिथे आहे. घरातल्या एका माणसाने तरी जाऊन खात्री करून यावी."

या वेळी बॅग तिने पलंगावर बसून भरली. काट्याला अडकवली. दहा किलो आणि शंभर ग्रॅम. रुमालांची एक जोडी काढली. बरोब्बर दहा.

चालताना मला पहिल्याच दिवशी ‘मॉडरेट’चा खरा अर्थ कळला. मॉडरेट म्हणजे माणूस मरत नाही, पण त्याला दर वळणावर तशी इच्छा होते. तुकडीत मी शेवटचा. गाईड भला माणूस होता, माझ्या मागे राहून चालायचा, आणि मी थांबलो की उगीचच बुटाची नाडी बांधायचा. दोन दिवसांत त्याने ती साठ वेळा तरी बांधली असेल. पण बॅगेतून मी रुमालसुद्धा त्याच्याकडे दिला नाही.

आणि दिसलं काय? ढग. सगळीकडे दुधात बुडवल्यासारखं पांढरं. चार दिवस मी हातभर अंतरावरचा दगड आणि पुढच्याचे बूट एवढंच पाहिलं. सगळ्यात वरच्या टीहाऊसमध्ये पोचलो तेव्हा दुपार होती. मधोमध शेगडी, भोवती बाकं, आणि खिडकीबाहेर कोरं पान. तिथे वायफाय होतं. मी हिला फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

"काहीच दिसत नाहीये गं."

"तोंड कुठे आहे तुमचं?"

"खिडकीकडे."

"दिशा विचारतेय मी!"

गाईडला विचारून सांगितलं, "उत्तर."

"मग उजवा हात पुढे करा. आणखी थोडा वर. हां, तिथे दोन टोकांचं शिखर आहे, डावं टोक ठेंगणं. त्याच्या खांद्यावरून हिमनदी खाली येते, जिभेसारखी. खाली दरीत पाण्याचा आवाज येतोय का? ती तिचीच नदी."

आवाज येत होता. चार दिवस येत होता, मी लक्षच दिलं नव्हतं. तुकडीतले सगळे हळूहळू माझ्या फोनभोवती जमले, हातात चहाचे पेले घेऊन. कुणीतरी स्पीकर चालू केला. पाय प्लास्टरमध्ये असलेली माझी बायको घरच्या पलंगावरून एकेक शिखर दाखवत होती आणि आम्ही सगळे कोऱ्या खिडकीकडे बघून माना डोलवत होतो. गाईड म्हणाला, "बाई इथे किती वेळा येऊन गेल्या?"

मी म्हणालो, "एकदाही नाही." आणि शेगडीचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. इथे उभं राहायचा हक्क कुणाचा होता आणि उभं कोण होतं!

शेवटच्या सकाळी आम्ही उतरायला निघणार, एवढ्यात कुणीतरी ओरडलं. ढग फाटले होते. डावं टोक ठेंगणं असलेलं ते शिखर, ती जीभ, सगळं जिथल्या तिथे, तिने सांगितलं तस्सं. मी बॅग टाकून अंगणात धावलो, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.

"अहो..." तिचा आवाज आला.

"काही बोलू नकोस! नुसती बघ!"

"अहो, पण..."

"नंतर! ढग येतील! बघून घे, डोळे भरून बघ!"

मी स्क्रीनकडे कशाला बघतोय? मी समोर बघत होतो आणि गालांवरून पाणी वाहत होतं. दहा मिनिटं मी हात खाली केले नाहीत. मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट तिच्यापर्यंत सरळ पोचवली. मग ढग परत मिटले. मी फोन खाली घेतला.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं," ती हळूच म्हणाली.

"कसं होतं?"

"अहो, कॅमेरा तुमच्याकडेच होता," ती म्हणाली. "शिखराचं पार साल निघालंय. नाकाला क्रीम लावा."