चौधरी नानांची मळलेली मालगाडी

आमच्या फाटकाला रंग लावायचा ठरला, त्या सकाळी शेजारचे चौधरी नाना धावतच आले. हातात जुना दाढीचा ब्रश आणि औषधाची रिकामी डबी.

"वहिनी, रुका जरा! रंगवायच्या आधी एवढा गंज काढून घेऊ द्या. एकदम असली आहे. असा माल अख्ख्या बुऱ्हाणपुरात नाही."

अर्धा तास उकिडवे बसून त्यांनी फाटक खरवडलं आणि डबी खिशात घालून खुशीत निघून गेले. रंगारी माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला रंग कालवायला सांगितलं.

नाना वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या, मुलगा नितीन पुण्याला. घरात नाना एकटे, आणि त्यांचे मालगाडीचे डबे. वीतभर लांबीचा एकेक डबा ते लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून आणि प्लास्टिकच्या पत्र्यातून महिनाभर खपून बनवत. दारं उघडायची, चाकं फिरायची, आतून-बाहेरून पाणी शिरू न देणारा लॅकरचा चकचकीत लाल रंग. आपण "वा!" म्हणावं, तर नाना तोंड वाकडं करत. "हा रुळावर चाललेला कुठे वाटतोय?"

मग पुढचा महिना त्या नव्याकोऱ्या डब्याची दशा करण्यात जायचा. चहाचं पाणी, विटेची भुकटी, काजळी, आमच्या फाटकाचा गंज. त्यासाठी स्टेशनवर जाऊन ते उभ्या मालगाड्या न्याहाळत. गंज बिजागरीखाली कसा ओघळतो, सिमेंटच्या डब्यावर पांढरी झाक कुठवर येते, सगळं वहीत उतरवून आणत. एकदा ते सुईच्या टोकाने टपावर चुन्याचे ठिपके देत होते.

"ही काय, कावळ्याची शीट?" मी हसत विचारलं.

"कबुतराची," नाना गंभीरपणे म्हणाले. "डबा खंडव्याच्या शेडखाली उभा होता ना."

मी शिकवते त्या शाळेत यंदा छंदांचं प्रदर्शन भरायचं होतं. मी नानांचं नाव दिलं आणि नाना पेटलेच! अकरा डब्यांची गाडी तयार झाली. नितीनला सुट्टी मिळाली नाही, पण सून मानसी एकटी पुण्याहून आली. लग्नानंतर ती दुसऱ्यांदाच या घरात येत होती.

प्रदर्शनाच्या सकाळी मी आणि नाना सभागृहात रूळ आणि विजेवर चालणारं छोटं इंजिन मांडून डबे न्यायला परत आलो. ओट्यावर स्वच्छ टॉवेल पसरलेला, आणि त्यावर अकरा डबे ओळीने वाळत घातलेले. लखलखीत. शेजारी मानसी, पदर खोचलेला, हातात टूथब्रश.

"बाबा, किती कळकट झाले होते हो! दोनदा साबण लावला तेव्हा निघालं. आता कसे नवे दिसतायत!"

वर्षभराची मेहनत मोरीतून वाहून गेली होती. माझ्या तोंडून "अगं—" एवढंच निघालं. नानांनी मला नजरेनेच थांबवलं. त्यांनी एक डबा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बिजागरीवरून बोट फिरवलं.

"बिजागऱ्यापण घासल्यास, बेटा?"

"हो, सगळ्या."

"बढिया," नाना म्हणाले. "चला वहिनी, उशीर होतोय."

टेबलावर 'देशभर फिरून आलेली मालगाडी' अशी पाटी होती. नानांनी ती उलटी करून मागे लिहिलं, 'नवी मालगाडी. आजच निघाली.' मग बटण दाबलं आणि काय सांगू, गाडी वळणावरून अशी झोकात निघाली की सभागृहभर टाळ्या! गर्दी हटेना. कुणी विचारलं, "नाना, इतकी चकचकीत कशी हो?" तर नाना ओरडूनच सांगत, "ते आमच्या सूनबाईंचं काम!" मानसी लाजून लाल झाली आणि मग स्वतःच लोकांना दारं उघडून दाखवू लागली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. आठवड्याने मी डोकावले, तर नाना पुन्हा विटेची भुकटी चाळत बसले होते. चार डबे घाईघाईत मळून तयार होते, आधीपेक्षाही भयंकर. चाकांत काजळी, टपावर काळपट थर, कोपऱ्याकोपऱ्यांत माती.

"नाना, हे जरा जास्तच होतंय. असा डबा कुठल्या रुळावर दिसतो?"

"कुठल्याच नाही," नाना मान खाली घालूनच म्हणाले. "दिवाळीला येते म्हणालीय मानसी. मागच्या वेळी एका सकाळीच सगळं धुऊन संपलं तिचं. या वेळी दोन-तीन दिवस तरी पुरलं पाहिजे."