बिभीषण खाली बसत नाही

"विहीर मंजूर झाल्याबिगर मी खाली टेकणार न्हाई!" बायकोला, भिवराबाईला, असं ठणकावून बिभीषण तालुक्याच्या कमिटीला निघाला. नांदूरघाटच्या वरल्या वस्तीत पाणी नव्हतं. बायका घागरी घेऊन घाट उतरायच्या आणि चढताना निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर सांडायचं. बिभीषण कमिटीचा नवा सभासद. भिवराबाई एवढंच म्हणाली, "बघू."

कचेरीत तहसीलदारसाहेब मधोमध, भोवती पाच सभासद. बिभीषणाशेजारी त्याचा दोस्त मुंजाजी. समोर मोहनराव, त्यांना विहीर नको, सरकारी बंगल्याला व्हरांडा हवा होता.

बिभीषण उठला आणि तोफच सुटली! घागरी झाल्या, घाट झाला, तहानलेल्या म्हशी झाल्या. मोहनराव जांभया देऊन देऊन दमले.

"अब बैठ जाव," साहेब म्हणाले.

"माफ करा हुजूर, मंजुरीबिगर न्हाई!"

साहेबांनी कपाळ पुसलं आणि पेशकाराला खूण केली. कचेरीचा तो कारकून खणखणीत आवाजात म्हणाला, "मतं घेतो! विहीर मंजूर असेल त्यांनी बसून राहावं. नामंजूर असेल त्यांनी उभं राहावं!"

मोहनराव आणि त्यांचा सोबती उठले. मुंजाजी आणि पाचवा सभासद आश्रुबा बसून राहिले. बिभीषण मात्र खांबासारखा उभा!

मुंजाजीनं त्याचं धोतर ओढलं. "बस बे!"

"मंजूर झाल्याबिगर न्हाई म्हन्लो ना!"

"आरं, तू बसलास तरच मंजूर होतीय!"

"मला फसवतूस व्हय?"

"तीन उभे, दोन बसलेले!" पेशकार ओरडला. "विहीर नामंजूर!"

सगळी कचेरी खदखदून हसली. आता कुठं बिभीषणाच्या डोक्यात उजेड पडला. कानशिलं तापली. "हुजूर, परत मतं घ्या!"

"आता वर्षभर नाही," पेशकार म्हणाला. "कायदाच तसा आहे. जिंकलेल्यांपैकी कुणी मागितलं, तरच फेरमत. हरलेल्यांनी गप बसायचं."

मोहनराव मिशीतल्या मिशीत हसले. "आमी कावून मागू?"

बिभीषणानं आपल्या उभ्या पायांकडं पाहिलं. मग त्यानं मांडीवर अशी थाप मारली, की दौत हलली. "हुजूर! मी कुठं हरलोय? मी उभाच होतो की! मी जिंकलेल्यातला. मीच मागतो फेरमत!"

"ही लबाडी हाय!" मोहनराव किंचाळले.

"लबाडी न्हाई, कायदा हाय!"

साहेबांना हसू आवरेना. फेरमत झालं. पेशकाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत बिभीषण असा धाडकन बसला, की बाक करकरलं. विहीर मंजूर!

छाती काढून तो घरी आला. "झाली मंजूर! कचेरी हलवून सोडली!"

"कुठं खांदायची ठरली?" भिवराबाईनं विचारलं.

बिभीषणाचा आवाज एकदम खाली आला. "जागा... मोहनराव ठरवणार. त्ये ठरलं तवा मी भाईर फेटा उडवीत होतो."

"येऊ द्या त्यास्नी," भिवराबाई म्हणाली. "डोक्यावर घागर देते आन घाट उतरवते. वर येईस्तोवर त्यांचं त्यास्नीच सुचंल!"

कचेरीत एवढा बोललेला बिभीषण गुमान भाकरी खायला लागला.