वन्स मोअरची शिकवणी

मुलांना कुठलीही गोष्ट एका बैठकीत शिकवता येते, फक्त शिकवणारा माझ्यासारखा हवा! छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी मुलांना गोळा करतो. पतंगाला शेपूट का लावतात, तबल्यावरची शाई कशाची असते, असलं काहीबाही सांगतो. म्हणूनच महिपतीचा फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "प्रेक्षकांची काळजी सोड. तीस मुलं तयार करून देतो."

महिपती हा माझा लोणी काळभोरच्या शाळेतला विद्यार्थी. स्नेहसंमेलनात तो गायला लागला की बाहेरचा चहावाला किटली खाली ठेवून खिडकीशी यायचा. पुढे त्यानं दहा वर्षं संगीत नाटकांत छोटी कामं केली. मग टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत त्याला गुणाकाका मिळाला. हा गुणाकाका दर भागात गायला बसतो, "आऽ" करतो आणि खुर्चीवरून पडतो. सात वर्षं लोक हसताहेत. त्या "आ"च्या पुढे काय होतं, हे मात्र सात वर्षांत कोणी ऐकलेलं नाही.

आता तनुजाताई नावाच्या एक दिग्दर्शिका नवं संगीत नाटक बसवत होत्या. नायकासाठी महिपतीचा गळा त्यांना पसंत होता, पण एक धास्ती होती. नायकानं विरहाचं पद सुरू केलं आणि लोकांना गुणाकाका आठवला तर? तेव्हा साध्या प्रेक्षकांपुढे एकदा गाऊन दाखवा, कोणी हसलं नाही तर भूमिका तुमची, असं त्यांनी सांगितलं होतं.

"सर, ह्या वेळी नाही जमलं, तर मी जन्मभर खुर्चीवरूनच पडणार हाय," महिपती म्हणाला. एवढा शहरात मुरलेला माणूस, पण काळजीत पडला की गावची बोली बाहेर येते.

शनिवारी मी संगीत नाटकाचा धडा घेतला. मुलांचं कुतूहल काय सांगू! माईक नव्हते तर शेवटच्या रांगेला ऐकू कसं जायचं? राजा आणि सेनापती भांडताना एक जण मध्येच गाऊ लागायचा, तेव्हा दुसरा काय करायचा? मी एकेकाचं समाधान केलं. काका गाताना हसायचं नाही, कितीही हसू आलं तरी गिळायचं, हे घोटून घेतलं. आणि शेवटी वन्स मोअर शिकवलं. आवडलं की मोठ्यानं "वन्स मोअर" म्हणायचं, मग कलावंत तेच पुन्हा करतो.

"केलंच पाहिजे का?" आठ वर्षांच्या उत्कर्षानं विचारलं.

"केलंच पाहिजे. रसिकांचा मान असतो तो."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा," मी म्हणालो. नियम कसा सुटसुटीत असावा!

रविवारी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये मुलं देवळातल्यासारखी शांत बसली. तनुजाताई पहिल्या रांगेत होत्या. आमचे अध्यक्ष रंगराव सूचना वाचल्याशिवाय कोणताही कार्यक्रम सुरू होऊ देत नाहीत. टाकीच्या सफाईमुळे मंगळवारी दहा ते एक पाणी बंद राहील, असं त्यांनी वाचलं, आणि मागून आवाज आला, "वन्स मोअर!"

शिकवलेलं खरंच चालतं का, हे मुलांना पाहायचं होतं. रंगराव हरखले. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांची सूचना कोणी एकदाही धड ऐकली नव्हती! त्यांनी ती पुन्हा वाचली, सावकाश, जागोजागी थांबत. पुन्हा वन्स मोअर आला. तिसऱ्यांदा त्यांनी ती कागद न बघता, छातीवर हात ठेवून म्हटली. तनुजाताईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

अखेर महिपती हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. डोळे मिटले, सूर धरला, "आऽ" केलं, आणि खुर्चीचा पाय मोडला! खराखुरा. महिपती जमिनीवर.

मुलं हसली नाहीत. तीस जणांचे गाल फुग्यासारखे फुगले, पण शब्द म्हणजे शब्द. हसायला बंदी, मग दाद कशी द्यायची? एका सुरात गर्जना झाली, "वन्स मोअर!"

मी समजावायला उठलो. उत्कर्षा वळून म्हणाली, "केलंच पाहिजे ना आजोबा?"

कालचा धडा आज खोडायला शिक्षकाची जीभ उचलत नाही. महिपतीनं माझा चेहरा वाचला. विद्यार्थीच तो! त्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि पडला. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तर पडताना सुरेख गिरकीही घेतली, पण उठला तो कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात उत्कर्षा रांगांमधून फिरून मुलांच्या कानात काहीतरी सांगून आली.

मग तो उभ्यानंच गायला. काय गायला! रंगरावांनी सूचनेच्या कागदाची चाललेली घडी अर्धवट सोडली. सात वर्षं दाबून ठेवलेला सूर एकदम मोकळा झाला होता. पद संपलं. मी वाट पाहू लागलो. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. एकही हाक आली नाही. महिपतीनं मुलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पडण्याला तीन वन्स मोअर, गाण्याला शून्य!

मला राहवेना. उभा राहून ओरडलो, "वन्स मोअर!"

उत्कर्षानं ओठांवर बोट ठेवलं. मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

"आजोबा, शूऽ! काकांना लागलंय. मीच सगळ्यांना सांगितलंय, आता कोणी मागायचं नाही."

"अगं, पण गाणं आवडलं नाही का तुम्हाला?"

"आवडलं," ती म्हणाली. "म्हणून तर."

तनुजाताई उठल्या. महिपतीला म्हणाल्या, "कोणी हसलं नाही. सोमवारी तालमीला या, कंबर शेकून या." तो माझ्या पाया पडायला निघाला, पण अर्ध्यावरच अडकला. मीच त्याला सरळ केलं.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "सर, पहिल्या प्रयोगाला या मुलांना नक्की पाठवा. फार समजूतदार प्रेक्षक आहेत."

मी संकोचून म्हटलं, "अहो, थोडंफार शिकवतो इतकंच. मीही येईनच."

"आपण घरीच थांबा," त्या म्हणाल्या. "आपण मध्येच ओरडता."