तासभर एकटी

"बारा वर्षांची झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही," भिंगरीच्या बाबांनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला.

भिंगरी साडेनऊ वर्षांची. एका जागी कधी बूड टेकत नाही म्हणून हे नाव पडलेलं. वर्गातल्या दोघी-तिघी घरी एकट्या राहू लागल्याचं कळल्यापासून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही कितव्या वर्षी राहिलात एकटे?"

"आठव्या," बाबा बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली. "पण ते दिवस वेगळे होते."

"आजी, तू?"

"मला कुठलं वय नि कुठलं एकटं! गीळ मुकाट्यानं."

"आई, तू गं?"

भिंगरीची आई वाढायला उठली होती. हातात डाव तसाच धरून ती विचार करू लागली. माहेरी सहा भावंडं एका खोलीत ओळीनं झोपायची. एकानं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. तिथून उठली ती थेट या घरात आली. कामाला जायची ती पडदे शिवायच्या कारखान्यात, तिथं एका लांब टेबलाभोवती आठ जणी आणि आठ मशिनींची घरघर. न्हाणीघरात शिरलं तरी बाहेरून कुणी ना कुणी कडी वाजवायचंच, "झालं का?"

"मी... कधीच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे आईच अजून लहान आहे!" भिंगरी ओरडली. सगळे हसले. तीही हसली. पण भांडी घासताना ते 'कधीच नाही' मनातून हलेना. रिकाम्या घरात बसलं की कसं वाटत असेल? आपल्याला नाही तर नाही, पोरीला तरी कळू दे, असं म्हणून तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं, आणि शेवटी रविवारी दुपारी एक तास, परीक्षा म्हणून, असं ठरलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. जगात जे जे चालतं ते कधीतरी मध्येच अडकणार, यावर त्याची श्रद्धा. रविवारी चपला घालेपर्यंत त्याच्या सूचना चालूच होत्या.

"गॅसकडे बघायचंसुद्धा नाही. बाल्कनीत जायचं नाही. फोन उचलायचा नाही. दार कुणालाही उघडायचं नाही."

"तुम्हाला पण नाही?"

"मी आलो, बापाचा बाप आला, तरी नाही! किल्ली एकच आहे; तास झाला की तुझी आई ती लावून आत येईल."

"मग मी करू काय?"

"एकटी राहा!"

नवरा आणि सासूबाई समोरच्या बागेत जाऊन बसले. भिंगरीची आई किराणा आणायला निघाली, आणि कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं, पिशवी घरीच राहिली. ती परत फिरली. जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर, भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पाठीमागं दार सताड उघडं.

"अगं, काय झालं?"

"आत काहीच आवाज नाही गं," भिंगरी गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली. "फ्रिज थांबला की तर फारच नाही. आई, बाबांना सांगू नकोस. ते बारा वर्षांपर्यंत परत नावसुद्धा काढू देणार नाहीत."

आईनं तिला जवळ घेतलं. घेता घेता तिची नजर भिंगरीच्या डोक्यावरून उघड्या दारातून आत गेली. पुढची खोली दिसत होती. खोलीत कुणी नव्हतं. नवऱ्याच्या खुर्चीत नवरा नव्हता. सासूबाईंच्या पलंगावर सासूबाई नव्हत्या.

"तू खाली मैत्रिणीकडे जाऊन खेळ," ती म्हणाली, आणि आपला आवाज असा का घोगरा झाला हे तिचं तिलाच कळेना. "इथलं मी बघते."

दार लावून, कडी घालून ती मधोमध उभी राहिली. काय करावं ते सुचेना. वर्षानुवर्षं तहान लागलेल्यापुढं कुणी विहीरच आणून ठेवावी, आणि पोहरा कुठाय ते सांगू नये, तसं झालं. आधी ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली. मग स्टुलावर पाय टाकले. कुणी काही म्हणालं नाही. चहा केला, एकच कप, आणि पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत तो गरमच प्यायला. मग फ्रिज थांबला. पोरीनं सांगितलेली ती शांतता आली आणि पायाशी मांजरासारखी बसली. भिंगरीच्या आईला रडू येईल असं वाटलं, पण आलं गाणं. लहानपणी भावंडांनी "पुरे गं बाई!" म्हणून थांबवलेलं गाणं तिथूनच पुढं सुरू झालं.

दुसऱ्या कडव्यावर बेल वाजली.

गाणं तिथंच तुटलं. ती खुर्चीत दगडासारखी बसून राहिली.

"पार्सल आहे, पार्सल!" बाहेरून आवाज आला. नवराच, नाक चिमटीत धरून. बागेत पाच मिनिटंही त्याचा पाय ठरला नसणार.

आत चिडीचूप.

"बघ आई, उघडत नाही!" बाहेर कुजबुज झाली. "आणि मजेत गात होती. आवाज अगदी तिच्या आईसारखा झालाय."

"हो. सूर तसाच कच्चा," सासूबाई म्हणाल्या.

"तू हाक मारून बघ. चक्कर आली म्हण."

"अगं भिंगरे, चक्कर आली गं, पाणी दे," सासूबाईंनी शाळेतली कविता म्हटल्यासारखं म्हटलं.

आत श्वाससुद्धा नाही. नवरा खूश झाला. मग फोन केला, आतली रिंग वाजून वाजून दमली, तो आणखी खूश झाला. मग मात्र त्याच्यातला लिफ्टवाला जागा झाला.

"एवढी शांत? आपली भिंगरी? आई, आत काहीतरी अडकलंय. बिजागऱ्या काढतो. हत्यारांची पिशवी स्कूटरवर आहे."

भिंगरीची आई पाय न वाजवता दारापर्यंत आली. उघडावं तर पोरगी नापास, न उघडावं तर दार गेलं.

"बिजागऱ्या मागनं काढ," सासूबाईंचा आवाज आला. "मला खरंच गरगरतंय. कोपऱ्यावरून लिंबू सरबत आण आधी. आणि साखर कमी घालायला सांग, उभा राहून करून घे."

जिन्यावर पावलं धडाधड उतरली. मग दारावर एकच टिचकी पडली.

"गेला तो. उघड आता, सूनबाई."

भिंगरीच्या आईनं मान खाली घालून दार उघडलं. सासूबाईंनी रिकामा कप पाहिला, खुर्चीपुढचं स्टूल पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "पोरगी कुठाय?"

"खाली. मैत्रिणीकडे."

"आण तिला. आणि तू पिशवी घेऊन नीघ, मागनं ये."

नवरा सरबत घेऊन परतला तेव्हा दार बंद होतं आणि सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. पिशवी घेऊन वर आलेल्या बायकोनं किल्ली लावली. आत भिंगरी खुर्चीत पुस्तक धरून बसली होती. नवऱ्याचा ऊर भरून आला.

"वाघीण आहे माझी! मी नाक धरून ओरडलो, हिनं हूं की चूं केलं नाही. आजपासून रोज एक तास राहायची परवानगी!"

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला.

"रोज काय रोज?" सासूबाई म्हणाल्या. "एकदा पास झाली म्हणून काय झालं? पुढच्या रविवारी परत परीक्षा घे. मग बघू."

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. भिंगरीची आई कणीक मळत होती. आता बोलणी बसणार, असं म्हणून तिनं मनाची तयारी केली होती.

"पुढच्या रविवारी तू त्याला घेऊन लांब जा," सासूबाई शेंगा निवडता निवडता हळूच म्हणाल्या. "बागेत नको, सिनेमाला जा. पोरीला मी खाली सोडीन."

"आणि तुम्ही?"

सासूबाईंनी बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहून घेतलं.

"मी बसते परीक्षेला," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, सिनेमा जरा मोठा बघा."