व्याह्यांच्या न्हाणीघरातली पंधरा मिनिटं

होणाऱ्या व्याह्यांच्या टेबलाखाली कुत्रा पोटरीला चावला, तेव्हा कंपाउंडरच्या तोंडून फक्त "वा, चहा छान झालाय" एवढंच निघालं. मुलगी तिशीला आली होती, मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, आणि विहीणबाई त्या कुत्र्याला "आमचा धाकटा" म्हणत होत्या. मुलीच्या धाकट्या दिराची पहिल्याच भेटीत तक्रार करायची, म्हणजे जुळत आलेली सोयरीक आपल्या हातानं मोडायची.

"जरा हात धुऊन येतो," म्हणत तो उठला आणि लंगडणं लपवत न्हाणीघरात शिरला.

सत्तावीस वर्षं तो दवाखान्यात एकच पाढा म्हणत आला होता. चावलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, तिखट भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका, त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. लोक मान डोलवत आणि पुढच्या वेळी तिखट भरूनच येत. सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. आज ऐकणारा निदान घरचाच होता. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत चढवली, नळ सोडला आणि घड्याळ पाहिलं.

चौथ्या मिनिटाला बायकोनं दार वाजवलं. "अहो, हात धुताय की अंघोळ करताय?"

"पोट जरा बिघडलंय."

हे त्यानं बोलायला नको होतं. बाहेर विहीणबाईंनी ते ऐकलं. सातव्या मिनिटाला बायको फटीतून कुजबुजली, "'माझ्याच हातचं बाधलं' म्हणत विहीणबाई स्वयंपाकघरात रडत बसल्यात. आता बाहेर या, नाहीतर जमलेलं फिसकटेल."

"अजून आठ मिनिटं."

पोट घड्याळ लावून कसं बिघडतं, हे तिला कळेना.

दहाव्या मिनिटाला व्याहीच आले. "जरा दार उघडता का? मलाही धुवायचंय."

त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. "तुम्ही परत येऊन बसाल तेव्हा चावू नये म्हणून कुत्र्याला टेबलाखालून ओढायला गेलो," ते ओशाळून म्हणाले.

कंपाउंडरनं पोटरी दाखवली आणि सरकून जागा करून दिली. "साबण घ्या. पंधरा मिनिटं..."

"वाहत्या पाण्याखाली. तिखट नाही, घट्ट पट्टी नाही, इंजेक्शन आजच."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या लेकीनं. मागं हा तिला चावला, तेव्हा ती इथंच पंधरा मिनिटं नळ सोडून बसून होती. इंजेक्शनंही सगळी घेतली, पण दुसऱ्या दवाखान्यात. तुम्हाला कळलं तर लग्नाला नाही म्हणाल, अशी भीती होती तिला." त्यांनी नळाकडे बघतच विचारलं, "म्हणाल का?"

सत्तावीस वर्षांत एका माणसानं कंपाउंडरचा शब्दन् शब्द ऐकला होता, आणि तेही त्याच्यापासून लपवून. खरं तर रागवायला हवं होतं, पण त्यानं नळ आणखी मोठा सोडला आणि घड्याळ पाहिलं.

"अंगठा पाण्याखालून काढू नका, व्याही," तो म्हणाला. "तुमची अजून बारा मिनिटं आहेत. तेवढ्यात तारीख ठरवून टाकू."