कांपोरांच्या दगडावरची पितळी काडी

कोझिमो मिस्त्रीने थडग्यावर बसवलेलं अक्षर निघेल ते येशू परत येईल त्या दिवशीच! हे तो स्वतःच गावभर सांगायचा, म्हणून तर पंचाईत झाली.

दोनातो कांपोरा जन्मभर चुकीच्या हाकेला ओ देत आला. निदान मेल्यावर तरी लोकांनी आडनावात योग्य जागी जोर द्यावा, म्हणून त्याची विधवा तेक्ला हिने थडग्यावरच्या नावात ‘पो’वर जोर दाखवणारी छोटी पितळी तिरकी काडी कोझिमोकडून बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी काडी ‘कां’वर! कोझिमोने ती परत ‘पो’वर आणली, पुन्हा ‘कां’वर! आणि हे सगळं भर दुपारी, मेलेली माणसं हिंडतात म्हणून गाव दारं लावून बसतं त्या वेळी.

“दोनातो स्वतः उठून तुझी चूक सुधारतोय,” न्हावी म्हणाला.

भुताने नापास केलेल्या मिस्त्रीला काम कोण देणार? लोक शेजारच्या गावी जाऊ लागले. “आता काय दगड शिजवू?” बायकोने विचारलं.

शेवटी एका दुपारी कोझिमो हातातलं काम टाकून, अंगावरच्या संगमरवरी भुकटीसकट, थडग्यामागे दडून बसला. पान हलेना. किरकिरणारे किडेसुद्धा एकाएकी गप्प झाले. फाटक कुरकुरलं. मग दगडावर नखं घासावीत तसं कर्र... कर्र... एवढ्यात दुसरी पावलं वाजली.

“वन्सं! म्हणजे हे चाळे तुमचे?” हा तेक्लाचा आवाज.

“चाळे? माझ्या भावाचं आडनाव कांऽपोरा!” नणंद नुन्त्सिया कडाडली.

“लग्नात पाद्रीबाबा कांपोऽरा म्हणाले, तेव्हा दातखीळ बसली होती?”

कोझिमो संतापून ताडकन उठला. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक! दोघी किंचाळून गुडघ्यांवर कोसळल्या.

“दोनातो, तूच सांग रे, काडी कुठे हवी?” नुन्त्सिया रडत म्हणाली.

आयती संधी! कोझिमोने खर्जात दरडावलं, “काडीच नको मला! पुन्हा हात लावाल तर खबरदार!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नुन्त्सिया गुडघे झटकत उठली.

“हा आमचा दोनातो नव्हे.”

“नव्हेच,” तेक्ला म्हणाली. “आपल्या दोघींसमोर तोंड उघडायची त्यांची कधी छाती झाली?”

संध्याकाळी नणंद-भावजय, जन्मात पहिल्यांदाच एका सुरात, चौकात सांगत होत्या, की काडी हलवणारं भूत म्हणजे अंगभर भुकटी फासलेला कोझिमोच!